मोबाईलचं जीपीएस पाच मीटरवरून पाच सेंटीमीटरवर कसं आणायचं (आणि कुठे थांबलेलं बरं)

मागच्या उन्हाळ्यात आमच्या रानात एका वॉल्व्हसाठी तीन खड्डे खणले. मेन लाइन गाडली तेव्हा मी हुशारी करून वॉल्व्हच्या डोक्यावर उभा राहिलो आणि मोबाईलमध्ये पिन टाकून ठेवली, अॅपने ३ मीटर अॅक्युरसी दाखवली, मी खूश. दोन वर्षांनी तिथे लिकेज निघालं, पिनवर जाऊन उभा राहिलो, खणलं, नुसती माती. आण्णा (माझे चुलते) बांधावर बसून तंबाखू मळत बघत होते, म्हणाले "विचार की अजून एकदा सॅटेलाइटला". तिसऱ्या खड्ड्यात सापडला वॉल्व्ह, पिनपासून साडेसहा मीटरवर. त्यानंतर या विषयाच्या मागेच लागलो, जे जे करून बघितलं आणि जे कामाचं निघालं ते इथे लिहून ठेवतोय, शेतीवाल्यांना, ट्रेकवाल्यांना, ड्रोनवाल्यांना, कुणालाही उपयोगी पडेल.

आधी ते "३ मीटर" म्हणजे काय ते समजून घ्या, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. अँड्रॉइड फोन जो अॅक्युरसीचा आकडा दाखवतो त्याचा अर्थ असा की तुम्ही त्या त्रिज्येच्या गोलाच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या एका वेळी तुम्ही गोलाच्या बाहेर, आणि किती बाहेर ते काही सांगत नाही. शिवाय हा आकडा फोनने स्वतःच काढलेला अंदाज असतो, पोरानं स्वतःचाच पेपर तपासून मार्क द्यावेत तसं. आणि माझ्या बाबतीत चूक दोनदा झाली, एकदा पिन टाकताना आणि एकदा दोन वर्षांनी पिन शोधताना, दोन्ही वेळेला वेगळ्या दिशेला. असं सगळं धरलं की साडेसहा मीटर म्हणजे काही जगावेगळं नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूक ४.९ मीटरच्या आत असते असं अमेरिकन सरकारचीच जीपीएसची साइट सांगते, आणि तेही मोकळं आकाश असेल तर बरं का.

चूक येते कुठून

हे टाळून सरळ सेटिंगवर उडी मारू नका, कारण चूक कुठून येते ते कळलं की कुठली युक्ती चालेल आणि कुठली नुसती वेळ घालवेल ते आपोआप कळतं.

जीपीएसचे सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि तो सतत ओरडत असतो की आत्ता माझ्याकडे इतके वाजलेत आणि मी इथे आहे. फोन बघतो की सिग्नलला यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतो, चार सॅटेलाइट मिळाले की जागा निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे वेळेत दहा नॅनोसेकंदांची गडबड झाली की अंतर तीन मीटर चुकलं. ही गडबड करणारे मुख्य दोघं. एक म्हणजे वरचा आयनोस्फिअर, तिथे सूर्यामुळे हवेतले कण चार्ज होतात आणि सिग्नल रेंगाळतो. दुसरं म्हणजे मल्टिपाथ, सिग्नल सरळ न येता भिंतीवर, पत्र्यावर, कड्यावर आपटून लांबच्या रस्त्याने येतो आणि फोनला वाटतं सॅटेलाइटच लांब आहे.

(२००० सालापर्यंत अजून एक भानगड होती, अमेरिका सामान्य लोकांचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होती, चूक शंभर मीटरपर्यंत जायची. १ मे २००० ला क्लिंटननी ते बंद करायला लावलं आणि एका रात्रीत जगभरातले रिसीव्हर सुधारले. आता तसं काही नाहीये, त्यामुळे "अमेरिका आपल्याला चुकीचं लोकेशन देते" वगैरे चहाच्या टपरीवरची थिअरी सोडून द्या.)

आयनोस्फिअर आपल्याकडे जास्त त्रास देतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पंधरा अंशांवर या चार्ज झालेल्या कणांचा ढीग साठतो आणि त्यातला उत्तरेकडचा पट्टा बरोब्बर भारताच्या मध्यावरून जातो. त्यामुळे युरोपमधला कुणी व्हिडिओत सांगतो की साध्या रिसीव्हरने दीड मीटर मिळतं, तर आपण दुपारी दोनला रानात उभं राहून तीच अपेक्षा ठेवू नये.

फोनमध्ये फुकटात काय काय होतं

पहिलं काम, एखादं सॅटेलाइट दाखवणारं अॅप टाका. मी जीपीएसटेस्ट वापरतो, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. त्यात प्रत्येक सॅटेलाइटपुढे देशाचा झेंडा, सिग्नलची ताकद आणि फ्रिक्वेन्सी दिसते. ताकदीचा आकडा चाळीसच्या आसपास किंवा वर असेल तर झकास, पंचवीसच्या खाली असेल तर तो सॅटेलाइट झाडातून नाहीतर भिंतीवरून उडी मारून येतोय असं समजा. किती सॅटेलाइट दिसतात यापेक्षा चांगल्या ताकदीचे किती आणि ते आकाशात चारी बाजूंना पसरलेत का ते बघा. सगळे एकाच बाजूला गोळा झाले असतील, उदाहरणार्थ तुम्ही कड्याला पाठ लावून उभे असाल तर, पंधरा सॅटेलाइट असूनही जागा एका दिशेला ताणल्यासारखी चुकते.

मग सेटिंग. अॅपला "प्रिसाइज लोकेशन"ची परवानगी दिलीय का ते बघा, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत आता अंदाजे आणि नेमकं असे दोन पर्याय असतात आणि घाईत आपण अंदाजे वर बोट ठेवून मोकळे होतो. बॅटरी सेव्हर बंद करा, तो चालू असला की स्क्रीन बंद झाल्यावर फोन जीपीएस झोपवतो आणि ट्रेकचा ट्रॅक असा निघतो की जणू तुम्ही दरीवरून उडत गेलात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये "फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स" नावाचं एक बटण असतं, ते चालू केलं की फोन मधेमधे डुलकी काढायचं बंद करतो, बॅटरी खातं पण मोजमाप करताना चालू ठेवावं, झालं की बंद.

"लोकेशन अॅक्युरसी" म्हणून गुगलची जी सेटिंग आहे ती वायफाय आणि टॉवरचा आधार घेते. शहरात, मॉलमध्ये, पार्किंगमध्ये ती चालू असलेली बरी. रानात मात्र तिचा काही फायदा नाही, उलट सुरुवातीला टॉवरवरून भलतीच जागा दाखवून मग हळूहळू सरकते. म्हणूनच अॅप उघडल्या उघडल्या पिन टाकायची नाही, दोन मिनिटं थांबायचं. सॅटेलाइट स्वतःची कक्षा सांगणारा डेटा सेकंदाला फक्त ५० बिट या स्पीडने पाठवतो, एका सॅटेलाइटची माहिती नीट उतरायला अर्धा मिनिट लागतं. नेट असेल तर फोन हीच माहिती नेटवरून आधीच ओढून घेतो म्हणून आपल्याला घरी पटकन लोकेशन मिळतं. ट्रेकला जाताना पायथ्याच्या गावात रेंज आहे तोवर एकदा लोकेशन लॉक करून घ्या, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, मग बिनधास्त फ्लाइट मोड, बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडला जीपीएस चालूच राहतं आणि बॅटरीपण वाचते.

आणि ते हवेत आठचा आकडा काढणं. लोकं अगदी मनोभावे काढतात. त्याने होकायंत्र सुधारतं, म्हणजे निळ्या ठिपक्यापुढचा तो उजेडाचा झोत बरोबर दिशेला वळतो. ठिपका एक इंचही सरकत नाही.

गाडी चालवताना लोकेशन किती परफेक्ट असतं असंही कुणी म्हणेल. नसतं. मॅप तुम्हाला जवळच्या रस्त्यावर चिकटवून दाखवतो. म्हणून तर फ्लायओव्हरवर आहात की खालच्या रस्त्यावर हे त्याला कळत नाही, कारण उंचीतली चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट असते, सॅटेलाइट सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, मग वर-खाली पकडणार कसं.

उभं कसं राहायचं, किती वेळ, कधी

हे सगळ्यात कमी केलं जातं आणि सगळ्यात जास्त फरक याच्यानेच पडतो. आपलं शरीर म्हणजे पाण्याची पिशवी, आणि पाणी हा सिग्नल खातं. फोन पोटाजवळ धरून खाली वाकून बघितलं की अर्धं आकाश तुम्हीच झाकलं. फोन आडवा, स्क्रीन आकाशाकडे, डोक्याच्या वर धरा, किंवा सरळ एक काठी रोवून तिच्यावर मोबाईल होल्डर बसवा आणि दोन पावलं बाजूला व्हा. धातूचं कव्हर काढा. पत्र्याच्या शेडपासून, उभ्या ट्रॅक्टरपासून, मोटारीच्या खोलीपासून जमेल तितकं लांब. झाडाचं म्हणाल तर कोरड्या फांद्या एवढा त्रास देत नाहीत, पण पावसाळ्यात भिजलेल्या आंब्याखाली उभं राहून आकडा घेण्यात अर्थ नाही. ढगांचं मात्र कुणी मनावर घेऊ नका, ढगामुळे या सिग्नलला काही फरक पडत नाही.

एकदाच आकडा घेऊ नका, सरासरी घ्या. बऱ्याच सर्व्हे अॅपमध्ये आणि हातातल्या जीपीएसमध्ये "अॅव्हरेजिंग" असतं. पण इथे एक गोम आहे. एका जागी दोन मिनिटांत १२० रीडिंग घेतले तरी ते सगळे जवळजवळ एकाच बाजूला चुकलेले असतात, कारण आयनोस्फिअर काही दोन मिनिटांत बदलत नाही. आकडा छान स्थिर दिसतो आणि स्थिर म्हणजे बरोबर असं आपल्याला वाटतं. त्यापेक्षा दहा मिनिटं आता, दहा मिनिटं तीन तासांनी, आणि दहा मिनिटं दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊ नका हां, जीपीएसचे सॅटेलाइट २३ तास ५६ मिनिटांनी परत तिथेच येतात, म्हणजे काल सकाळी नऊला जो सिग्नल मोटारीच्या खोलीवर आपटून येत होता तो आज नऊला चार मिनिटं कमी असताना पुन्हा तसाच येणार. वेळ बदला, म्हणजे आकाश बदलतं.

वेळेचंच अजून थोडं. सकाळची वेळ चांगली. दुपारी आयनोस्फिअर फुगलेला असतो, आणि सूर्य मावळल्यापासून साधारण मध्यरात्रीपर्यंत त्यात बुडबुडे तयार होतात, त्याने सिग्नल लुकलुकतो, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास हा प्रकार जास्त. साध्या फोनवर तुम्हाला ते जाणवेलच असं नाही, पण पुढे सांगतोय त्या आरटीकेवर (सेंटीमीटरपर्यंत मोजायची पद्धत) पक्कं जाणवतं. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं तेव्हा अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले होते, मग आपल्या मोबाईलचं काय घेऊन बसलात.

नवीन फोन घेणार असाल तर

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघता तसं एकदा "ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस" किंवा एल-१ आणि एल-५ लिहिलंय का ते बघा. जुने फोन फक्त एल-१ ऐकतात, १५७५.४२ मेगाहर्ट्झ. एल-५ म्हणजे ११७६.४५. दोन फ्रिक्वेन्सी ऐकल्या की दोन्हींना आयनोस्फिअरमध्ये किती किती उशीर झाला त्याच्या फरकावरून फोन उशीर मोजून वजा करू शकतो. आणि एल-५ चा सिग्नल दहापट बारीक आखलेला असतो, त्यामुळे सरळ आलेला कुठला आणि भिंतीवर आपटून आलेला कुठला हे वेगळं काढणं सोपं जातं. २०१८ मध्ये शाओमीच्या एमआय ८ मध्ये हे पहिल्यांदा आलं, आता मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये मिळतं. जीपीएसटेस्टमध्ये एल-५, ई-५ए (युरोपच्या सॅटेलाइटचं एल-५) अशा ओळी दिसल्या की तुमच्या फोनमध्ये आहे असं समजा. लोअर परळसारख्या टॉवरांच्या गर्दीत पण चमत्कार होणार नाही, सरळ सिग्नलच येत नसेल तर दोन फ्रिक्वेन्सी काय करणार.

नाविकचं लोक फार विचारतात. आपल्या इस्रोची सिस्टिम, सात सॅटेलाइटची आखणी, भारतावर उंच दिसतात म्हणून दऱ्याखोऱ्यात आणि उंच बिल्डिंगांमध्ये उपयोगाची. पण सुरुवातीचे सॅटेलाइट एल-५ आणि एस बँडवर बोलायचे, स्वस्त फोनला ते ऐकूच यायचं नाही, त्यात काहींची अणुघड्याळं बंद पडली. २०२३ च्या मे महिन्यात एनव्हीएस-०१ गेला त्यात एल-१ आलं आणि देशी रुबिडियम घड्याळ आलं, मग जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेपर्यंत पोचलाच नाही. तर फोनमध्ये नाविक असेल तर चांगलंच आहे, पण फक्त तेवढ्यासाठी फोन बदलू नका.

गगनचं नाव त्यामानाने कमी लोकांनी ऐकलंय आणि ती खरी कामाची वस्तू. इस्रो आणि एअरपोर्ट्स अथॉरिटीने विमानांसाठी उभी केली. देशभर पंधरा ठिकाणी पक्क्या जागेवर रिसीव्हर ठेवलेत, ते बघतात की जीपीएस आत्ता किती चुकतंय, ती दुरुस्ती जीसॅट-८, १० आणि १५ वरून फुकट खाली येते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला इंडिगोचं विमान याच्या आधाराने उतरवलं होतं. आपल्याला हे कसं मिळणार? हातात धरायच्या जीपीएसच्या सेटिंगमध्ये "वास/इग्नॉस" किंवा "एसबास" असं काही असेल ते चालू करा, नाव अमेरिकेचं-युरोपचं असलं तरी आपल्याकडे त्यात गगनच येतं. ड्रोनच्या आणि सर्व्हेच्या रिसीव्हरमध्येही असतं. मोबाईलचं सांगता येत नाही, काही वापरतात काही नाही. हे सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर एका जागी थांबलेले, म्हणजे महाराष्ट्रातून दक्षिणेकडे, क्षितिजापासून साठेक अंश वर. तेव्हा दक्षिण बाजू मोकळी हवी. दक्षिणेला कडा असलेल्या घळीत बसून गगन शोधत बसू नका.

रान मोजायचं असेल तर

मोबाईल घेऊन बांधावरून चक्कर मारायची आणि अॅप सांगेल किती गुंठे, हे आता गावोगाव चालतं आणि त्यावरून भांडणंही चालतात. साधं गणित करून बघू. एक एकर चौकोनी रान म्हणजे बाजू साधारण ६४ मीटर. चार कोपऱ्यांवर प्रत्येकी दोन्ही दिशांना दोन-दोन मीटर इकडेतिकडे झालं तर क्षेत्रफळात १८० चौरस मीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे पावणेदोन गुंठे. चाळीस गुंठ्यांत पावणेदोन. भाऊबंदकीसाठी एवढं पुष्कळ झालं.

पण इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. सगळे कोपरे एकाच दिशेला सारखे चुकले, सगळं रान नकाशावर दोन मीटर पूर्वेला सरकलं, तरी क्षेत्रफळाला काही होत नाही. आयनोस्फिअरची चूक अशीच सगळीकडे सारखी असते. म्हणून चारही कोपरे एकाच दमात, एकाच फोनवर, पंधरा-वीस मिनिटांत उरका, दोन कोपरे आज आणि दोन उद्या असं करू नका. चालता चालता आपोआप ट्रॅक घेण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मिनिटभर सरासरी घेऊन पॉइंट टाका, चालताना अॅप कोपरे गोल करून टाकतं. मग उलट दिशेने परत एक फेरी. दोन फेऱ्यांत गुंठ्याचा फरक आला तर तुमच्या मोजणीची तेवढीच लायकी आहे असं समजायचं. आणि सॅटेलाइट फोटोवर रेघ बांधाबरोबर जुळते का हे बघून खातरी करून घेऊ नका, तो फोटोच काही मीटर सरकलेला असू शकतो, डोंगराळ भागात जास्तच.

हे सगळं स्वतःच्या अंदाजासाठी, खत किती, ठिबकची नळी किती यासाठी. हद्दीचा प्रश्न असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, त्यांची "क" प्रतच (मोजणीचा अधिकृत नकाशा) चालते, मोबाईलचा स्क्रीनशॉट दाखवून कुणी बांध सरकवत नाही.

सेंटीमीटर हवा असेल तर आरटीके

भूमी अभिलेखचे लोक काठीवर बसवलेली पांढरी टोपी घेऊन येतात बघा, तो रोव्हर. त्याची युक्ती समजून घ्यायला विहिरीत सोडलेला दोर डोळ्यासमोर आणा, ज्याला दर १९ सेंटीमीटरला एक गाठ आहे. दोन गाठींच्या मध्ये तुमचा हात नेमका कुठे आहे ते तुम्हाला मिलिमीटरपर्यंत कळतं, पण हातापासून खाली एकूण गाठी किती ते अंधारात दिसत नाही. एल-१ च्या लहरीची लांबी १९ सेंटीमीटर, आणि रोव्हर ती लहरच मोजतो. गाठी किती हे शोधायला त्याला दुसरा एक रिसीव्हर लागतो, पक्क्या माहीत असलेल्या जागेवर ठेवलेला, त्याला बेस म्हणायचं. दोघांना दिसणारी वरची चूक सारखीच, ती वजा झाली की गाठी मोजता येतात. गाठींचा आकडा अजून नक्की नसेल तेव्हा स्क्रीनवर "फ्लोट" दिसतं, नक्की झाला की "फिक्स". फ्लोटमध्ये चूक अर्ध्या मीटरपर्यंत असू शकते, फिक्समध्ये एक-दोन सेंटीमीटर. घाईत फ्लोटवर पॉइंट घेणारे मी पाहिलेत, मी पण घेतलेत. घेऊ नका.

बेस कुठून आणायचा? दोन रस्ते. एक, स्वतःचा. झेडईडी-एफ९पी सारखं रिसीव्हरचं मॉड्युल आणि बरा अँटेना घेऊन घराच्या मोकळ्या गच्चीवर बसवायचा आणि दुरुस्ती नेटवरून, एनट्रिप नावाच्या पद्धतीने, रोव्हरला पाठवायची. बेसची जागा जितकी चुकीची भराल तितकं सगळं रान सरकेल, आतली अंतरं बरोबर येतील पण नकाशा हलेल, म्हणून बेसला एकदा दिवसभर रेकॉर्ड करू द्या आणि मग जागा पक्की करा, ती परत बदलू नका. आणि बेसपासून फार लांब जाऊ नका, दहा किलोमीटरमागे साधारण सेंटीमीटरभर चूक वाढते, आपल्याकडच्या आयनोस्फिअरमुळे लांब गेलं की फिक्सच यायला रडतो, दुपारी तर फारच.

दुसरा रस्ता, सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स. म्हणजे सरकारनेच बेस बसवून ठेवलेत, चोवीस तास चालू. ज्या राज्यांत हे आधी झालं त्यात महाराष्ट्र होता, राज्यात ७७ स्टेशन आहेत, आणि मोजणीचे रोव्हर त्याच्यावरच चालतात. त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून सेवा घेता येते, मग फक्त रोव्हर आणि सिमकार्ड एवढंच लागतं. जिथे मोबाईलची रेंजच नाही तिथे रोव्हरमध्ये कच्चा डेटा रेकॉर्ड करा, घरी येऊन कॉर्सचा त्याच वेळेचा डेटा उतरवा आणि दोन्ही जुळवा, त्याला आरटीकेलिब हे फुकट सॉफ्टवेअर चालतं, तोमोजी ताकासू या जपानी माणसाने लिहिलेलं. पहिल्यांदा त्याची स्क्रीन बघून घाबरायला होतं, दोन संध्याकाळी दिल्या की जमतं. परवानगीचं म्हणाल तर १५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनंतर भारतीय माणसाला असं मोजमाप करायला आधीसारखी पूर्वपरवानगी लागत नाही, लष्करी जागांच्या आसपासचे नियम मात्र आहेतच.

आणि एवढं सगळं करून लोक चुकतात कुठे? काठी तिरकी धरण्यात. दोन मीटरची काठी एक अंश कलली की टोक साडेतीन सेंटीमीटर सरकलं, महागडं यंत्र घेऊन कमावलेलं सगळं तिथेच गेलं. काठीवरचा बुडबुडा मधोमध आणायचा, श्वास रोखायचा, मग बटण. काठीची उंची यंत्रात बरोबर भरलीय का ते रोज सकाळी बघायचं. आणि काम सुरू करताना आणि संपताना एकाच ओळखीच्या दगडावर पॉइंट घ्यायचा, दोन्ही जुळले तर दिवस सत्कारणी.

आकडे लिहिताना होणारे घोटाळे

यात सॅटेलाइटचा काही दोष नसतो, पण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात. १८ अंश ३० मिनिटं हे कुणीतरी १८.३० असं टाइप करतं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, १८.५० हवं होतं. फरक २२ किलोमीटर! व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवायचं तर दशांशातच पाठवा, आणि पॉइंटनंतर किती आकडे लिहायचे तेही बघा, पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, सहावा अकरा सेंटीमीटर, सातवा एक. मोबाईलचं लोकेशन आठ आकड्यांनी लिहून कुणी शहाणं ठरत नाही.

जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाचे कागदी नकाशे) आकडे उचलताना सांभाळा. त्या एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर आखलेल्या आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर, तसंच टाकलं तर आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास फरक येतो. पाण्याच्या टाक्या शोधायला निघालेले ट्रेकर यामुळे कड्याच्या चुकीच्या बाजूला जातात.

उंचीचं तर विचारूच नका. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्याकडे समुद्राची पातळी या गणिती आकाराच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. म्हणून कच्चा आकडा दाखवणारं अॅप अलिबागच्या बीचवर उघडलंत तर उणे साठ-पासष्ट दिसेल आणि कळसूबाईवर १६४६ च्या जागी १५८० च्या आसपास. फोन बिघडलेला नसतो. अॅपच्या सेटिंगमध्ये "जिओइड करेक्शन" किंवा समुद्रसपाटीपासूनची उंची असं काही असेल ते चालू करा.

राहता राहिला आमचा वॉल्व्ह. त्याच्यासाठी आरटीके आणला नाही, एवढ्याशा कामाला कोण आणतंय. आण्णांनी सांगितलं तसं केलं, पन्नास मीटरची टेप घेतली आणि दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजून मोटारीच्या खोलीच्या दाराआड ऑइल पेंटने लिहून ठेवलं: चिंचेच्या बुंध्यापासून १४.२०, खोलीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यापासून २२.६५, रस्त्याच्या बाजूला.